छायाकल्प चंद्रग्रहण कसं बघायचं, आणि मुळात ते होतं कसं

दर वेळी हेच होतं. कॅलेंडरात पौर्णिमेच्या चौकटीत बारीक अक्षरात 'छायाकल्प चंद्रग्रहण' असं छापलेलं असतं, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतो, दहा-बारा जण गच्चीवर येतात, मान वर करून बघतात आणि पाच मिनिटांत "छे, काहीच नाही, रोजच्यासारखाच आहे की" म्हणून खाली जातात. १० जानेवारी २०२० च्या रात्री आमच्याकडे अगदी असंच झालं. ग्रहण लागलं १०:३७ ला, मंडळी आली पावणेअकराला, सव्वाअकराला गच्ची रिकामी. एकटी आत्या थांबली होती शाल गुंडाळून, तिला तशीही लवकर झोप लागत नाही. साडेबारा वाजून गेले असतील, ती म्हणाली, "अरे, एका अंगानं मळल्यासारखा दिसतोय का रे चंद्र, का माझ्या चष्म्याला काही लागलंय?" तिने चष्मा पदराने पुसला, परत बघितलं, तरी मळकट तो मळकटच. ते होतं ग्रहण. १२:४० ला ते सगळ्यात जास्त होतं आणि तेव्हा बघायला आम्ही दोघंच.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की ही ग्रहणं दिसतात, फक्त केव्हा बघायचं आणि चंद्राची कुठली बाजू बघायची हे आधी माहीत पाहिजे. आणि त्यासाठी ते होतं कसं हे एकदा नीट डोक्यात बसायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सूर्य म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा दिवा नाही, तो भलामोठा गोळा आहे, व्यास साधारण १३ लाख ९० हजार किलोमीटर, आणि पृथ्वी १२,७४२. एवढ्या मोठ्या दिव्यापुढे एवढासा गोळा धरला की मागे दोन सावल्या पडतात. एक दाट सावली, जिथून सूर्य अजिबात दिसत नाही, हिला पुस्तकात प्रच्छाया म्हणतात. ती निमुळती होत होत जवळपास १४ लाख किलोमीटरवर संपते. तिच्या भोवती विरळ सावली, उपच्छाया, जिथून सूर्याचा काही भाग झाकलेला आणि काही उघडा दिसतो, ही मात्र मागे जाईल तशी पसरत जाते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, तिथे दाट सावलीचा घेर मोजला तर आरपार साधारण ९,२०० किलोमीटर भरतो आणि विरळ सावली धरून १६,३०० च्या आसपास. चंद्र दाट सावलीत पूर्ण शिरला की खग्रास, थोडासा शिरला की खंडग्रास, आणि दाट सावलीला न शिवता नुसता विरळ सावलीतून निघून गेला की छायाकल्प. काही जण ह्यालाच मांद्य चंद्रग्रहण म्हणतात, तेही नाव छान आहे, कारण होतं तेवढंच, चंद्र मंद होतो.

हे वाचून पटत नाही, करून बघितलं की पटतं. घरात करा. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच गोल दुधी एलईडी बल्ब चालू ठेवा, शक्यतो कमी वॅटचा. एक लिंबू उदबत्तीच्या काडीला खोचा. बल्बपासून दीड मीटरवर लिंबू धरा आणि त्याच्या मागे भिंत साधारण अर्ध्या मीटरवर येईल असं उभे राहा. लिंबू भिंतीला जवळजवळ टेकवलं तर सावली रेखीव पडते, कड एकदम कापल्यासारखी. आता हळूहळू भिंतीपासून लांब आणा, कड विरघळायला लागते, मधे काळा गोल राहतो आणि भोवती राखाडी पट्टा येतो, अर्ध्या मीटरवर तो पट्टा सहज दोन सेंटिमीटर रुंद होतो. तो पट्टा म्हणजे आपली विरळ सावली. आता खरी गंमत. लिंबू कोणाच्यातरी हातात द्या, भिंतीला पाठ लावा, आणि स्वतःचा एक डोळा त्या राखाडी पट्ट्यात आणून लिंबाकडे बघा. बल्ब लिंबाच्या कडेमागून अर्धा डोकावताना दिसेल. डोळा मधल्या काळ्या गोलाकडे सरकवा, बल्बची फाक बारीक बारीक होत जाते आणि एका क्षणाला नाहीशी होते. बाहेरच्या बाजूला सरकवा, बल्ब पूर्ण गोल होतो. छायाकल्प ग्रहणाच्या वेळी चंद्रावर कोणी उभं असतं तर त्याला हेच दिसलं असतं, काळी पृथ्वी, आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या जवळपास चौपट रुंद, सूर्याचा एक लचका तोडून उभी. म्हणजे आपण ज्याला चंद्रग्रहण म्हणतो ते तिकडून बघितलं तर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. (हा डोळ्याचा प्रयोग फक्त दुधी बल्बवर. सूर्याकडे असं कधीही बघायचं नाही, मुलांना हे दोनदा सांगा.)

ह्या प्रयोगावरून हेही कळतं की छायाकल्प ग्रहणाला कड का नसते. खंडग्रासमध्ये दाट सावलीची गोल रेघ चंद्रावर चढताना दिसते, ती कोणालाही दिसते, दाखवावी लागत नाही. विरळ सावलीत बाहेरच्या काठाला सूर्याचा जवळजवळ सगळा प्रकाश पोचत असतो आणि आतल्या काठाला जवळजवळ काहीच नाही, मधे कुठेही रेघ नाही, नुसती उतरण. आणि आपला डोळा रेघ पटकन पकडतो, उतरण पकडत नाही. खोलीत ट्यूबलाइट एका भिंतीवर असते, समोरच्या कोपऱ्यात निम्म्याहून कमी उजेड असतो, पण भिंतीचा रंग बदललाय असं तुम्हाला कधी वाटतं का? तसंच हे. चंद्राच्या एखाद्या भागावरचा प्रकाश निम्मा झाला तरी डोळा ते चालवून घेतो. म्हणून ग्रहण 'लागलं' त्या वेळेला गच्चीवर जाणाऱ्यांची निराशा होते, तेव्हा दिसण्यासारखं खरंच काही नसतं.

लाल चंद्राची वाट बघणारेही असेच परत जातात. टीव्हीवर फोटो खग्रासचा लावतात आणि खाली बातमी छायाकल्पची. लाली येते ती दाट सावलीत, पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेल्या तांबड्या प्रकाशाने, आणि तो प्रकाश फार क्षीण असतो. विरळ सावलीत सूर्याचा थेट प्रकाश थोडा का होईना पडतच असतो, त्याच्यापुढे ती लाली टिकत नाही. त्यामुळे रंग बघायचा नाही, राखाडी झाक बघायची.

आता एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. त्या राखाडी पट्ट्याची रुंदी काढली तर (१६,३०० वजा ९,२००, भागिले २) ती येते ३,५५० किलोमीटरच्या आसपास. आणि चंद्राचा व्यास ३,४७४. जवळपास तेवढाच! हा योगायोग तोच आहे ज्याच्यामुळे खग्रास सूर्यग्रहण होतं. सूर्य आणि चंद्र आपल्याला आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात, साधारण अर्धा अंश, आणि विरळ पट्ट्याची रुंदी सूर्याच्या त्या अर्ध्या अंशावरच ठरते. मग काय होतं, तर चंद्र त्या पट्ट्यात अख्खा मावू शकतो पण अगदी घट्ट मावतो, एका बाजूने जरा जास्त आत गेला की दाट सावलीला टेकलाच, जरा कमी गेला की दुसरी बाजू बाहेर. त्यामुळे अख्खा चंद्र विरळ सावलीत असलेलं छायाकल्प ग्रहण फार दुर्मिळ. १५ मार्च २००६ च्या पहाटे, होळीच्या रात्रीनंतर, असं एक झालं होतं आणि ते भारतातून दिसलं. पुढचं २९ ऑगस्ट २०५३ ला. साधी छायाकल्प मात्र भरपूर होतात, शेकडो वर्षांचा हिशेब धरला तर एकूण चंद्रग्रहणांतली एक तृतीयांशाहून थोडी जास्त हीच असतात.

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हे तुम्हाला बहुतेक माहीत असेल. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे पौर्णिमेचा चंद्र सावलीच्या मध्यापासून ३४ हजार किलोमीटर वर किंवा खाली असू शकतो आणि विरळ सावलीची त्रिज्या आहे आठ हजार आणि थोडी. बहुतेक वेळा तो लांबूनच जातो. दोन्ही कक्षांची पातळी जिथे एकमेकींना छेदते ते दोन पातबिंदू म्हणजेच आपले राहू आणि केतू, पौर्णिमा त्यांच्या आसपास आली तरच ग्रहण. साधारण १७३ दिवसांनी असा काळ येतो आणि महिनाभराहून थोडा जास्त टिकतो. त्यात अमावस्या नेमकी पातबिंदूजवळ पडली तर ठसठशीत सूर्यग्रहण होतं आणि त्याच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही पौर्णिमा पातबिंदूपासून साधारण सारख्याच लांब पडतात, दोन्ही सावलीच्या नुसत्या काठाला लागून जातात. २०२० मध्ये हेच झालं. ५ जूनला वटपौर्णिमेला छायाकल्प, २१ जूनला कंकणाकृती सूर्यग्रहण, ५ जुलैला गुरुपौर्णिमेला परत छायाकल्प. त्या वर्षी एकूण चार चंद्रग्रहणं झाली आणि चारही छायाकल्प. ५ जूनचं मात्र आम्हाला मिळालं नाही, निसर्ग वादळ ३ तारखेला किनाऱ्यावर येऊन गेलेलं, आकाशात ढगच ढग.

बघायचं ठरवताना पहिला आकडा बघायचा तो ग्रहणाच्या प्रतीचा, म्हणजे चंद्राच्या व्यासाचा किती भाग विरळ सावलीत जाणार. हा आकडा ०.६-०.७ च्या खाली असेल तर नुसत्या डोळ्यांनी बघायचा हट्ट करू नका. ५ जुलै २०२० चं ०.३५ होतं, ते आपल्याकडे दिवसाच होतं म्हणा, पण रात्री असतं तरी काही दिसलं नसतं. ०.८ च्या वर असेल तर लक्ष देऊन बघणाऱ्याला दिसतं, ०.९ च्या वर असेल तर घरातल्या सगळ्यांना उठवा. ५ मे २०२३ च्या बुद्धपौर्णिमेचं ०.९६ होतं, रात्री १०:५३ च्या सुमारास मध्य, ते माझ्या सात वर्षांच्या भाच्यानेही न सांगता ओळखलं.

दुसरा आकडा मध्याची वेळ. सुरुवात आणि शेवट विसरा, मध्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास, बास. तिसरं म्हणजे त्या वेळी चंद्र क्षितिजावर किती उंच असेल. क्षितिजाजवळ धूळ आणि धुक्यानेच चंद्र मळकट दिसतो, तिथे काहीच ठरवता येत नाही. चौथं, कुठली बाजू. चंद्र सावलीच्या दक्षिणेकडून जात असेल तर त्याची उत्तर कड काळवंडते, उत्तरेकडून जात असेल तर दक्षिण कड. दक्षिण बाजू असली तर बघायला सोपं, कारण तो भाग मुळात लख्ख आहे, टायको विवराचे पांढरे पट्टे तिथेच आहेत, तिथे झाकोळ लगेच जाणवतो. आत्याला जानेवारी २०२० मध्ये दिसली ती हीच बाजू. उत्तरेकडे काळे डाग जास्त आहेत, तिथे फसायला होतं, म्हणून आदल्या रात्री किंवा ग्रहण लागायच्या आधी एकदा चंद्र नीट बघून ठेवा.

बघताना एक युक्ती. पौर्णिमेचा चंद्र इतका झगझगीत असतो की डोळे दिपतात आणि बारीक फरक कळत नाही. म्हणून अगदी अंधारात बसून डोळे तयार वगैरे करायची गरज नाही, उलट जिन्याचा दिवा चालू राहू दे. साधा काळा गॉगल लावून बघा, किंवा डोळे किलकिले करा, चंद्राची चमक कमी झाली की एक बाजू दुसरीपेक्षा गडद आहे हे चटकन कळतं. दुर्बीण असेल तर ती जरा आउट ऑफ फोकस करा, डाग पुसट होतात आणि उतरण वर येते. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी, दुर्बिणीने कसंही बघा, डोळ्याला काही होत नाही. आणि सतत टक लावून बघू नका, दहा मिनिटं चहा-गप्पा करा मग परत वर बघा, बदल तेव्हा कळतो.

फोटो काढणार असाल तर ऑटो मोड बंद. फोन स्वतःहून उजेड सारखा करून टाकतो आणि जे पकडायचंय तेच पुसून टाकतो, शिवाय काही फोनना चंद्र दिसला की ते आपल्या मनाने फोटो सुधारतात, ते सेटिंग शोधून बंद करा. प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर १/१००० पासून सुरू करा, चंद्रावरचे डाग स्पष्ट दिसतील आणि पांढरा भाग जळणार नाही असं जमेपर्यंत शटर कमी-जास्त करा, व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर लॉक करा, आणि एकदा जमलं की मग रात्रभर एकाही आकड्याला हात लावायचा नाही. स्टँड नसेल तर कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर फोन रुतवा, मस्त बसतो. एक फोटो ग्रहणाच्या आधी, मग दर वीस मिनिटांनी एक. नंतर पहिला आणि मध्याचा फोटो शेजारी शेजारी लावून दोन्हींचा कॉन्ट्रास्ट सारखाच वाढवा. डोळ्यांना जे जेमतेम जाणवलं होतं ते तिथे ढळढळीत दिसतं. भाच्याने हे दोन फोटो वर्गात नेले होते, बाईंनी फळ्याशेजारी लावले.

वेध-सूतक विचारणारे फोन मलाही येतात. आपल्याकडचे पंचांगकर्तेच सांगतात की छायाकल्प ग्रहणाला वेधादी नियम पाळायची गरज नाही. घरात गरोदर मुलगी असेल तर तिला उगाच उपाशी ठेवू नका, कोंडूनही ठेवू नका, तिलाही गच्चीवर खुर्ची टाकून द्या.

आता पुढचं चांगलं ग्रहण कुठलं ते सांगतो म्हणजे तारीख लिहून ठेवाल. २१ फेब्रुवारी २०२७, रविवारची पहाट, माघ पौर्णिमेची रात्र. प्रत ०.९३ च्या जवळ. आपल्याकडे सुरुवात २:४२, मध्य ४:४३, शेवट ६:४४, म्हणजे चार ते साडेपाच ही वेळ धरा. चंद्र पश्चिमेकडे असेल पण बऱ्यापैकी उंच, मधे मोठी बिल्डिंग नसली म्हणजे झालं. त्याच्या अगदी जवळ जो ठळक तारा दिसेल तो मघा, ज्याच्यावरून महिन्याला माघ नाव पडलंय. मध्याच्या वेळी दाट सावलीचा काठ चंद्रापासून जेमतेम २०० किलोमीटरवर असेल, म्हणजे चंद्राच्या त्या कडेवरून सूर्याची फक्त नखाएवढी फाक दिसत असेल. काळवंडणार आहे उत्तर कड, आणि चंद्र पश्चिमेला असताना आपल्याला ती उजवीकडे वरच्या अंगाला दिसेल, तिथे बघा. फेब्रुवारीत महाराष्ट्रात आणि गोव्यात आकाश बहुतेक स्वच्छ असतं, फक्त पहाटेचं धुकं नको. लंडनला असलेल्यांना हेच २० तारखेच्या रात्री ११:१३ ला, दुबईत पहाटे ३:१३ ला.

त्याच वर्षी २०२० सारखं त्रिकूटही येतंय. १८ जुलैला गुरुपौर्णिमेला छायाकल्प, २ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण (खग्रास इजिप्तकडे, मुंबईत खंडग्रास), १७ ऑगस्टला राखीपौर्णिमेला परत छायाकल्प, पण ते आपल्याकडे भरदुपारी. १८ जुलैचं तर विचारूच नका, रात्री साडेनऊच्या सुमारास बारा मिनिटं, प्रत ०.००१४, म्हणजे चंद्राची पाच किलोमीटरची कड विरळ सावलीला लागून जाणार. जगातल्या कुठल्याच डोळ्याला ते दिसणार नाही आणि आपल्याकडे तेव्हा पाऊस. पण ग्रहणांच्या मालिका असतात, दर १८ वर्षं ११ दिवसांनी एकेक ग्रहण येतं आणि मालिका सुरू होते छायाकल्पने, संपतेही छायाकल्पने. १८ जुलै २०२७ चं ग्रहण त्याच्या मालिकेतलं शेवटचं आहे, बाराशेहून जास्त वर्षं चाललेली मालिका त्या रात्री संपते. मी त्या बारा मिनिटांत गच्चीवर असेन, पाऊस असला तर छत्री घेऊन, आत्याला विचारलंय, ती येते म्हणाली.